दर तासाला दहा मिनिटं मागे

माझ्या वर्कशॉपमध्ये टिकटिक ऐकू येत नाही. नवीन माणूस आत येतो, भिंतीवरची, फळ्यांवरची घड्याळं बघतो, क्षणभर कान देतो आणि हमखास विचारतो, "सगळी बंद आहेत का?" बहुतेक सगळी चालू असतात. मी ज्या घड्याळांवर काम करते, ती टिकटिकतच नाहीत. त्यांचा सेकंदकाटा उड्या मारत नाही, संथ पाण्यावरून पान सरकावं तसा सरकत राहतो.

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊचे गुरमीत अंकल, विमानतळावर सामान चढवता-उतरवता रिटायर झालेले. त्यांनी असंच एक घड्याळ कार बूट सेलमधून, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, उचललं. मी ते साफ करून, चालू करून दिलं. दोनच दिवसांत परत हजर. "बेटा, चल तो रही है, पर बोलती नहीं."

मी म्हटलं, अंकल, ही जात बोलत नाही.

"तो फिर पता कैसे चले कि ज़िंदा है?"

मी त्यांचा तळहात धरून घड्याळाच्या पाठीवर ठेवला. आतली मोटर अगदी बारीक थरथरत होती. अंकल डोळे मिटून उभे राहिले, डॉक्टर नाडी बघतो तसे. "हाँ," म्हणाले, "है, है." तेव्हापासून माझं काम कुणाला समजावून सांगायचं असलं की मी आधी हात ठेवायला लावते. बोलणं मागाहून.

इथे मात्र बोलावंच लागणार. मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत मला दर वर्षी कुणीतरी विचारतं, "तू नक्की काय करतेस गं? घड्याळजी?" विचारणारा बहुधा बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये असतो. हो, घड्याळजीच. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, राबणाऱ्या माणसाची मुलगी, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, फिजिक्समध्ये पदवी, नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आले, स्लाऊच्या गोडाऊनमध्ये खोकी चिकटवली आणि मग हट्टाने जुन्या घड्याळांच्या जतनाचं शिक्षण घेतलं. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "त्यासाठी एवढं शिकलीस व्हय?" मी म्हटलं, हो, ह्यासाठीच एवढं शिकावं लागतं. मग त्यांनी गल्लीभर सांगितलं, पोरगी विलायतेत घड्याळं शिकवते म्हणून. दुरुस्त करते, हे त्यांना तितकंसं मोठं वाटलं नसावं.

माझा खास विषय आहे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली अमेरिकन घड्याळं. ती का वेगळी, ते सांगते. त्याआधी घड्याळ म्हटलं की किल्ली आली, स्प्रिंग आली, लंबक आला. लंबक झुलायला उंच पेटी हवी, म्हणून घड्याळाचं कपाट व्हायचं, देऊळ व्हायचं. मग तिकडे घरोघरी वीज आली आणि घड्याळाच्या पोटात छोटीशी मोटर बसली. किल्ली गेली, लंबक गेला. आता घड्याळाला कुठलाही आकार चालणार होता. डिझायनर मंडळींना रान मोकळं मिळालं. कुणी निळ्या आरशाची चकती केली, कुणी उंच इमारतीसारख्या पायऱ्या केल्या, क्रोम आणि बेकलाइट नावाचं कडक प्लॅस्टिक वापरलं. काहींनी आकडेसुद्धा काढून टाकले. बारा ठिपके, दोन काटे, बास. वेळ वाचायला शिकलेल्या माणसाला आकडे कशाला, असा त्यांचा तोरा. हा तोरा मला मनापासून आवडतो.

आता मोटरची गंमत. आपल्या भिंतीतली वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला अनेक वेळा पुढे-मागे होते. ह्या घड्याळाची मोटर त्या ठेक्यावर फिरते. घड्याळ स्वतः काही मोजत नाही, वीज मोजते. वीजघराचा ठेका बरोबर असला की शहरातली सगळी घड्याळं बरोबर. अमेरिकेत हा ठेका सेकंदाला साठ, ब्रिटनमध्ये पन्नास. तिकडचं घड्याळ इकडच्या विजेवर लावलं की ते निमूट चालतं, सुंदर चालतं आणि दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ट्रान्सफॉर्मर लावला तरी फरक पडत नाही. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब कमी करतो, ठेका बदलत नाही.

बहुतेक लोक मग सोपा उपाय करतात. ग्लासगोच्या एका डॉक्टरांनी माझ्याकडे एक घड्याळ पाठवलं होतं, निळ्या आरशाचं, बघत राहावं असं. उघडलं तर आत प्लॅस्टिकची बॅटरीवाली मशीन. आधी कुणीतरी मूळ मोटर फेकून दिली होती आणि नवीन मशीनवर बसावेत म्हणून काटे कापले होते. डॉक्टरांना फोन केला.

"पण वेळ बरोबर दाखवतंय ना?" ते म्हणाले.

"दाखवतंय."

"अहो मग झालं की. आम्हीसुद्धा हृदयं बदलतो हल्ली."

"बदलता, पण डोकं बसत नाही म्हणून मान कापत नाही."

ते खळखळून हसले. मला हसू आलं नाही. त्या घड्याळासाठी मला काहीही करता आलं नाही, ते आजही सलतं. त्या दिवसापासून माझा नियम आहे: मूळचं काही कापायचं नाही, काही टाकायचं नाही, आणि मी जे करीन ते पुढच्या माणसाला उलटं करता आलं पाहिजे.

हा नियम मला सर्वांत महागात पडणार होता तो नलिनीकाकूंच्या घड्याळावर.

नलिनीकाकू म्हणजे लंडनमधल्या स्टॅनमोरच्या. भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलमध्ये आयुष्य काढलेल्या, आता ऐंशीच्या पुढे. पती अरविंद काही वर्षांपूर्वी गेले. गुडघे आणि नजर दोन्ही रुसल्यावर त्यांनी स्वतःच केअर होम निवडलं, स्वतःच खोली बघून आल्या आणि खोलीत न्यायच्या वस्तू ठरवल्या. त्यांत एक घड्याळ होतं. काळ्या काचेची गोल चकती, क्रोमचं कडं, आकडे नाहीत. अरविंदकाकांनी अमेरिकेत असताना एका भंगाराच्या दुकानातून आणलेलं.

केअर होमचा नियम असा की प्लगला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांचा इलेक्ट्रिशियन आधी तपासतो. पास झाली की हिरवा स्टिकर, मग खोलीत. घड्याळ सपशेल नापास झालं. वायरीवरचं रबर हात लावला की भुगा होत होतं आणि सोबतचा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीसारखा तापत होता. दोष इलेक्ट्रिशियनचा नव्हता. मीही नापासच केलं असतं.

काकूंचा मुलगा निखिल ते आमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला. जन्म इथला, मराठी कष्टाने जपलेली. "वैशाली, आईला हा घड्याळ पाहिजे. पण सेफ नसेल तर ऑक्शनला देणार. ते लोक म्हणतात ओरिजिनल आहे तर घेऊ. महिन्याच्या एंडला आई मूव्ह होते."

"आणि काकू काय म्हणतात?"

"आई म्हणते, बरोबर टाइम दाखवला पाहिजे. बाबांनी कधी फिक्स नाही केली. फोर्टी इयर्स राँग! आणि बाबा इलेक्ट्रिकल इंजिनियर, हां!"

मार्टिन म्हणजे आमच्या वर्कशॉपचा मालक. चांगला माणूस, चांगला कारागीर. त्याने घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "बॅटरीची मशीन घाल. मूळची पिशवीत भरून मुलाला दे. बाईंना वेळ दिसेल, होमला स्टिकर लावता येईल, सगळे खूश."

"काटे कापावे लागतील. ह्याचे काटे त्या मशीनवर बसत नाहीत."

"मग नवे काटे घाल."

"आणि सेकंदकाटा उड्या मारेल."

"त्यांना तो दिसतो तरी का?"

"माहीत नाही. मी विचारून येते."

मी घड्याळ घेऊन स्टॅनमोरला गेले. घरात अर्धी खोकी भरलेली. काकूंनी चहा केला, मला उठूही दिलं नाही. मी घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं होतं. मागे दोन बटणं आहेत, एक काटे फिरवायचं, एक मोटर सुरू करायचं. काटे फिरवायच्या बटणाच्या कडेला बारीक खाचा असतात, बोटाला पकड मिळावी म्हणून. ह्याच्या खाचा पार झिजून गेल्या होत्या. बटण गोट्यासारखं गुळगुळीत.

मी म्हटलं, "काकू, हे रोज लावलं जात होतं."

"रोज," त्या म्हणाल्या. "सकाळी आठला. रेडिओवर तासाचे पिप्स, ते बारीक ठोके, वाजले की अरविंद बटण फिरवायचा. मी तेव्हा ड्यूटीला निघालेली असायची. आठला बरोबर, नऊला दहा मिनिटं मागे, माझी परत यायची वेळ होईपर्यंत सगळा आनंद. मला हिशेब पाठ झाला होता. घड्याळात आठपासून पाच तास झालेले दिसले की खरे सहा तास झालेत असं समजायचं."

"त्यांना कारण माहीत नव्हतं?"

काकू हसल्या. "त्याला? अगं, तिकडे वीज कंपनीत तो कंट्रोल रूमला होता. ते साठ ठोके साठच राहतात ना, हे बघायचं हेच त्याचं काम. कुठे लोड वाढला, ठेका जरा ढळला, की सावरायचा. हे घड्याळ आणलं तेव्हा मला म्हणाला होता, हे बघ, हे मी चालवतो. आख्ख्या गावाची घड्याळं मी चालवतो."

त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला. मी चहाकडे बघितलं.

"मग मला इथल्या हॉस्पिटलची पोस्ट मिळाली. तो म्हणाला, चल. एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. पण इथे त्याला तशी नोकरी नाही मिळाली. मीटर तपासायच्या खात्यात लागला, तिथेच रिटायर झाला. तक्रार कधी ऐकली नाही मी त्याच्या तोंडून. पहिल्या वर्षी म्हणायचा, घड्याळाचं बघतो. मग म्हणणं बंद झालं. रोज सकाळी मी बूट घालतेय आणि हा बटण फिरवत उभा. पाठमोरा. सांग, मी काय बोलणार होते?"

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि आवाज एकदम डॉक्टरचा झाला. "मी वाचलंय, ह्याची चाकं बदलता येतात. आतलं दातांचं प्रमाण बदललं की पन्नास ठोक्यांवर बरोबर चालतं. बदल ती चाकं. एकदाचं इथलं होऊ दे. माणसाला नाही जमलं, घड्याळाला तरी जमू दे."

त्यांचं बरोबर होतं, चाकं बदलता येतात. काही कारागीर करतातही. पण ह्या घड्याळात जागा इतकी कमी की नवीन चाकं बसवायला मूळची मागची पट्टी कापावी लागली असती, नवीन भोकं पाडावी लागली असती. गिऱ्हाईक स्वतः सांगतंय, महिनाअखेर तोंडावर आलीय, मार्टिनने तर ह्याच्याही पुढचं सुचवलेलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

मी म्हटलं, "काकू, एकदा कापलं की ते परत तिकडचं होणार नाही."

"कुणाला जायचंय परत?"

"कुणालाच नाही. पण मी कापणार नाही."

"घड्याळ माझं आहे ना गं?"

"तुमचंच आहे. कापायचंच असेल तर दुसरा माणूस बघून देते, चांगला देते. मी नाही कापणार. माझ्याकडे वेगळा उपाय आहे, ऐकून तरी घ्या."

त्या माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्युनियरकडे अशाच बघत असतील. मग म्हणाल्या, "बोल."

मी समजावून सांगितलं. चाकांना हात लावायचा नाही. एक छोटी पेटी करायची, मुठीत मावेल एवढी. इथली वीज तिच्यात जाईल आणि बाहेर पडताना तिचा ठेका साठचा असेल. शिवाय मोटरच्या तारेचं वेटोळं मी नवीन गुंडाळीन, कमी दाबावर चालणारं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला, शॉकची भीती गेली. जुनं वेटोळं पाकिटात घालून केसच्या आतच बांधून ठेवीन. पुढे कुणाला वाटलं तर सगळं पूर्वीसारखं करता येईल.

काकू ऐकत होत्या. "म्हणजे त्याला फसवायचं? बाबा रे, तू अजून तिकडेच आहेस, असं सांगून?"

"फसवायचं नाही काकू. त्याला जे लागतं ते इथे द्यायचं."

बाहेर कचऱ्याचे डबे रिकामे करणारी लॉरी येऊन गेली. मग त्या काळ्या काचेवरून बोट फिरवत एवढंच म्हणाल्या, "हे असं करता येतं, हे कुणाला माहीत होतं तेव्हा." आणि मग, "कर. पण महिनाअखेरच्या आत. मी शिफ्ट होताना ते माझ्या मांडीवर असलं पाहिजे. नाहीतर निखिल ते विकून मोकळा होईल आणि मी त्याला नाही म्हणणार नाही."

मी शब्द देऊन आले. मार्टिनने फक्त भुवया उंचावल्या. "पेटीही तूच करणार? मग बाकीचं काम सांभाळून कर." एवढं म्हणणारा मालक मिळणं म्हणजे नशीब.

पेटी पहिल्या झटक्यात झाली, त्याचा मी जरा जास्तच आनंद मानला. वेटोळं गुंडाळलं. केसापेक्षा बारीक तार, श्वास रोखून गुंडाळायची, मध्येच तुटली की पहिल्यापासून. तुटली. परत गुंडाळलं. घड्याळाला जोडलं, मोटर फिरली, सेकंदकाटा सरकायला लागला. मी खुर्चीत बसून राहिले, नुसती बघत.

अर्ध्या तासाने काटा थांबला. परत सुरू केला, परत थांबला. असं दोन दिवस. पेटी उघडली, परत जोडली, ठेका यंत्रावर तपासला. साठ म्हणजे साठ. मार्टिन जाता-येता बघायचा आणि काही बोलायचा नाही, ते जास्त टोचायचं. तिसऱ्या दिवशी मी पेटी बाजूला ठेवली आणि हाताने मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फिरवून बघितला. जड. इथेच तर होतं सगळं! चाळीस वर्षं ही मोटर सावकाश फिरायला सरावली होती. आतलं तेल घट्ट होऊन मेणासारखं झालं होतं. पन्नासवर ती कशीबशी ओढत होती, साठवर धाप लागत होती. मी पेटीचा दोष शोधत बसले आणि दोष होता सवयीत.

मग सगळं उघडलं. चाक न् चाक साफ केलं, प्रत्येक टोकाला तेलाचा टिपूस. थेंबसुद्धा नाही, टिपूसच. काटे फिरवायचं ते गुळगुळीत बटण हातात आलं तेव्हा मार्टिन म्हणाला, "ह्याचा एक नवा तुकडा करून देऊ? पकड राहिली नाहीये."

"नको," मी म्हटलं. "तेवढं राहू दे."

बटण बसवलं, घड्याळ लावलं. ते दिवसभर चाललं, रात्रभर चाललं, दुसऱ्या दिवशी माझ्या फोनच्या वेळेशी ताडलं तर जागच्या जागी. मी वडिलांना फोन केला, उगाचच. ते म्हणाले, "झालं का घड्याळ?" मी म्हटलं, झालं. "मग पगार वाढवून माग," म्हणाले.

काकू शिफ्ट झाल्या त्या दिवशी मी केअर होमला गेले. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा घड्याळ खरोखरच त्यांच्या मांडीवर होतं, शालीत गुंडाळलेलं. इलेक्ट्रिशियन डॅरेन आमची वाटच बघत होता. मागच्या वेळचा नापासाचा शेरा त्याच्या लक्षात होता.

"हे परत?" तो म्हणाला. "आता चालतं कशावर?"

"बारा व्होल्ट."

त्याने पेटी बघितली, अडॅप्टर तपासला, वायर ओढून बघितली. तपासणी एवढ्याशा वस्तूच्या मानाने बरीच लांबली. निखिल खिडकीपाशी फोन खिशात घालून उभा होता. काकू व्हीलचेअरमध्ये ताठ बसलेल्या. शेवटी डॅरेनने खिशातून रोल काढला आणि अडॅप्टरवर हिरवा स्टिकर चिकटवला. "सुंदर आहे," म्हणाला. "पण आकडे कुठे गेले?"

"मला पाठ आहेत," काकू म्हणाल्या.

घड्याळ पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवलं, प्लग लावला. काटा हलेना. निखिल घाबरला. "बंद आहे? वैशाली, बंद आहे!"

मी सांगितलं, ही त्या काळची मोटर आपणहून सुरू होत नाही. वीज गेली आणि परत आली, तरी ती थांबलेलीच राहते. चुकीची वेळ दाखवत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा तिचा बाणा. मागचं दुसरं बटण फिरवून तिला माणसाने ढकलावं लागतं.

"मी ढकलते," काकू म्हणाल्या.

संधिवाताने वाकडी झालेली बोटं मागे गेली, चाचपडली आणि बटणाला झटका दिला. मोटर सुरू झाली. सेकंदकाटा सरकला, पण उलटा.

हाही ह्या मोटरचा स्वभाव. ढकलाल त्या दिशेने पळते. मी हात पुढे केला, पण काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब जरा."

काळ्या काचेवर चकाकता काटा शांतपणे मागे मागे जात होता. काकू चष्मा सावरून बघत होत्या. निखिलही जवळ आला, वाकून बघायला लागला. मग काकू म्हणाल्या, "बास. पुरे झालं." त्यांनी बटण धरून मोटर थांबवली, बोटांची जागा बदलली आणि दुसरीकडे झटका दिला. काटा सुलटा निघाला.

काटे मी माझ्या फोनवर बघून लावले. निखिल गाडीतून उरलेल्या पिशव्या आणायला गेला. मी निघाले, तर काकू म्हणाल्या, "चहा घेऊन जा. इथला कसा असतो, दोघी मिळून बघू." चहा वाईट होता. आम्ही तो पूर्ण प्यायलो. तास भरत आला तसा काकूंनी रेडिओ लावला.

पिप्स वाजायला लागले. काकूंचा हात सवयीने घड्याळाच्या मागे गेला, त्या गुळगुळीत बटणापर्यंत. मी काटे बघत होते. शेवटचा पिप वाजला तेव्हा मिनिटकाटा बाराच्या ठिपक्यावर होता आणि सेकंदकाटा त्याच क्षणी त्याच्यावरून सरकत पुढे गेला.

फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंनी बटण सोडलं, पण हात काढला नाही. तळवा उघडून तो घड्याळाच्या पाठीवर टेकवला आणि तसाच राहू दिला. मी त्यांना असं करायला कधी सांगितलं नव्हतं.

"चाललंय," त्या म्हणाल्या.